ही साहेबांचं घर

माझे वडील पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मुलगी असूनही त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं, आणि इंग्रजी तर असं घोटून घेतलं की लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा सासरी सगळ्यांत बरं इंग्रजी मलाच येत होतं. हे कचेरीत कारकून. कामाला चोख, अक्षर वळणदार, पण शिक्षण मराठी फायनलपर्यंतचं. इंग्रजी नोकरीत कानांवर पडेल तेवढंच. स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षं झाली होती, तरी वरच्या जागेसाठी साहेबांपुढे तोंडी परीक्षा द्यायची ती इंग्रजीतच.

अव्वल कारकुनाची जागा निघाली. एके सकाळी दाढी करताना आरशातून नजर न काढता यांनी विचारलं, "तुला येतं ना गं इंग्रजी? मला जरा बोलायला शिकवशील?"

नवऱ्यानं बायकोकडून शिकायचं, हे त्या वेळी ऐकायलाही विचित्र वाटायचं. यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मी पटकन "हो" म्हटलं आणि भाकरी थापायला वळले, म्हणजे दोघांनाही एकमेकांकडे बघायला नको.

वडिलांनी माझ्याकडून माणसाच्या उत्कर्षाची वाक्यं तोंडपाठ करून घेतली होती. बढतीच्या परीक्षेला तीच उपयोगी पडतील असं मला वाटलं. ही इज गेटिंग ऑन. ही हॅज कम अप इन लाइफ. ही हॅज मेड हिज मार्क. रोज सकाळी मी चुलीपाशी बसून म्हणायचे आणि हे दाढी करता करता मागून म्हणायचे.

"गेट ऑन म्हणजे एस.टी.त चढणं ना?" हे विचारायचे.

"तेही, आणि आयुष्यात पुढे जाणंही."

"एकाच शब्दात दोन्ही? आणि मार्क म्हणजे गुण?"

"नाही. छाप. आपल्या कामाची छाप पाडली."

सासूबाई ओसरीवर वाती वळत सगळं ऐकत असायच्या. एक दिवस त्यांना राहवेना. "सूनबाई, हा ही आहे तरी कोण? रोज सकाळी उठून वर चढतोय. त्याला आईबाप, बायकामुलं कुणी नाहीत का?"

आम्ही दोघं खूप हसलो. लग्नानंतर यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सासूबाईंनाही त्यात नंतर गंमत वाटू लागली. देवळात, पाणवठ्यावर, शेजारच्या बायकांत त्या कौतुकानं सांगत सुटल्या, "आमची सून लेकाला इंग्रजी पढवते. आता साहेब होणार तो." त्यांना थांबवायचं मला सुचलं नाही. खरं तर ऐकून बरंच वाटत होतं.

परीक्षेच्या दिवशी हे धुवट कोट घालून पहाटेच्या गाडीनं अलिबागला गेले. संध्याकाळी परत आले ते गप्प. "कसं झालं?" म्हटलं तर म्हणाले, "कळवतील." पुढे काही दिवस दाढीच्या वेळी हे आरशाकडे आणि मी तव्याकडे, असंच चाललं. वाक्यं म्हणायचं कुणीच काढलं नाही. परीक्षा झाली, आता कशाला म्हणायची, असं मी मनाशी म्हणत होते. मग ती जागा यांच्याच कचेरीतल्या, यांच्याबरोबर परीक्षेला गेलेल्या कारकुनाला मिळाल्याचं कळलं.

एका दुपारी दारात शिपाई उभा राहिला. जासईकडचा पोरगेला माणूस, कचेरीत नवा लागलेला. टोपी काढून मोठ्या अदबीनं म्हणाला, "ही सायबांचा घर हाच काय?"

"कोण साहेब?"

"ही सायेब. त्यांचा चष्मा घरीच र्‍हायलाय. त्यो नेयाचा हाय."

चष्मा खरंच कोनाड्यात राहिला होता. मी तो हातात घेतला, पण द्यायचं सुचेना. "त्यांना असं का म्हणता?"

तो गोंधळला. "आमाला त्यांचा नाव नाय ठावं, बाय. कचेरीत समदी 'ही'च बोलतान. 'ही आली, ही गेली', असा बोलतान. मना वाटला, त्यांचा नावच हाय."

त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. चष्मा घेऊन तो गेला. मी दार लावून आत येऊन बसले. बाकीचं काही कळलं नव्हतं, तरी 'ही' कुठून आली ते कळलं होतं. माझ्याच चुलीपासून. आणि कचेरीतले लोक एका पुरुषमाणसाला दिवसभर बाईसारखं "ही आली, ही गेली" म्हणून हाका मारत होते.

संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्यावर मी यांना विचारलं. हे खाली बघून सांगू लागले.

खोलीत दोन साहेब होते. पुढे ज्याची निवड झाली तो कारकून बाहेर बाकावर, आणि दार उघडंच. साहेबांनी विचारलं, हाऊ हॅव यू गॉट ऑन इन युवर सर्व्हिस? गेट ऑन कानांवर पडल्यावर यांना धीर आला. म्हणाले, "ही हॅज गॉट ऑन वेल, सर."

"हू?" साहेबांनी विचारलं.

"ही, सर. ही हॅज कम अप इन लाइफ. ही हॅज मेड हिज मार्क."

साहेबांनी दुसऱ्याकडे बघितलं. "हू इज धिस ही?"

यांनी छातीवर हात ठेवला. "आय अ‍ॅम ही, सर."

मग दोघेही हसले. बाहेर बाकावरचाही हसला. परतीच्या गाडीत त्यानं सगळ्यांना ती नक्कल करून दाखवली, आणि हे त्याच गाडीत, मागच्या बाकावर बसलेले होते.

"चूक माझी," मी म्हटलं. "मी तुम्हाला 'आय' लावून म्हणायला शिकवायला हवं होतं. वडिलांनी मला शिकवलं तसंच मी पुढे..."

"आय मला येत होतं," हे म्हणाले. "तेवढं आठवत होतं. पण मी वर आलो, मी छाप पाडली, असं स्वतःच्या तोंडानं कसं म्हणायचं? जीभ वळेना. दुसऱ्याबद्दल म्हणता येत होतं."

मला लाज वाटत होती ती हसणाऱ्यांची नव्हे. सकाळी सकाळी त्या वाक्यांची मला केवढी हौस होती, ती मला आठवत होती. अव्वल कारकुनाची बायको म्हणून हळदीकुंकवाला कुठं बसेन, इथपर्यंत माझ्या मनानं मजल मारली होती. आणि ज्याला वर चढवायला निघाले होते त्याला स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचाही संकोच होता, हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

गाव तेव्हा लहान होतं. अशी गोष्ट बाजारपेठेत पोचायला वेळ लागत नसे. सासूबाईंचं देवळात जाणं कमी झालं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढे एका रविवारी हे मला घेऊन वडाळे तलावाकडे फिरायला निघाले. बहुधा माझं मन रमावं म्हणून. तलावाच्या काठावर कचेरीतले दोघंतिघं उभे होते. आम्ही जवळ आलो तसा त्यांतला एक मोठ्यानं म्हणाला, "ही आली रे, ही आली!"

आजूबाजूच्या माणसांनी वळून बघितलं. साहजिकच माझ्याकडे. भररस्त्यात परक्या बाईला असं म्हणणं म्हणजे छेडच. एक म्हातारे गृहस्थ त्या कारकुनावर डोळे वटारून पुढेही झाले. मी पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली. हे गप्प राहिले असते, तर ती थट्टा माझ्या नावावर खपून गेली असती आणि यांची सुटका झाली असती.

हे थांबले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाले, "नाही हो, हिला नाही म्हणाले. मला म्हणाले. कचेरीत ते मलाच 'ही' म्हणतात." आणि मग त्या कारकुनाकडे वळून, आवाज न चढवता, "मला म्हणालात ना? मीच तो. घरच्या माणसांसमोर नको, एवढंच."

तो कारकून ओशाळला. काहीतरी पुटपुटत बाजूला झाला. बघणाऱ्यांना निम्मं कळलं, निम्मं नाही. हे चालू लागले, मी त्यांच्या मागून. मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. पण त्या क्षणी मला आधी हायसं वाटलं होतं, आपल्यावरचं टळलं म्हणून. ते हायसं वाटणं मला घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं, आणि मी यांना त्याबद्दल कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर कचेरीत 'ही' कमी ऐकू येऊ लागलं असावं. मी पुन्हा इंग्रजीचा विषय काढला नाही. शेजारच्या मुसलमान व्यापाऱ्याच्या बायकोनं, "वहिनी, आमच्या पोरींना अंग्रेजी शिकवा ना," म्हणून गळ घातली, तेव्हाही मी काहीबाही सांगून टाळलं.

साठ सालानंतर हळूहळू सरकारी कारभारात मराठी आली, आणि परीक्षाही मराठीत होऊ लागली. हे परत बसले आणि अव्वल कारकून झाले. काय विचारलं, काय उत्तर दिलं, काही सांगितलं नाही. नुसते पेढे घेऊन आले, आणि पुडा माझ्या हातात देताना म्हणाले, "वाटू नकोस कुणाला."

"अहो, आनंदाची गोष्ट आहे."

"असू दे. घरातल्या घरात खाऊ."

म्हणून आम्ही स्वयंपाकघराचं दार लोटून बसलो. सासूबाईंनी एक पेढा देवापुढे ठेवला. एवढ्यात तीच शेजारीण विरजण मागायला आली. यांनी पुडा चटकन पिठाच्या डब्यामागे सरकवला आणि बाहेर ओसरीवर जाऊन पेपर उघडला. शेजारीण बराच वेळ बोलत बसली, पोरींच्या शाळेचं, दुकानाचं, पाण्याचं. मी हुं हुं करत राहिले. सासूबाईंच्या तोंडात अजून अर्धा पेढा होता, तो त्यांनी ती जाईपर्यंत चावला नाही.