टाकीवरच्या कुंड्या

पांढुर्ण्याच्या घराचं अंगण मी हौसेनं टाइल्सनी झाकलं आणि संडासाच्या टाकीचं झाकणही त्याखाली गेलं. टाकी भरली तेव्हा सौंसरहून टँकर घेऊन तो आला. पन्नाशीचा, कमरेत वाकलेला. नाव मी विचारलं नाही.

लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, फरशीवर आपटत, कान देऊन तो पोकळ आवाज शोधत राहिला. मग उकिडवा बसून छिन्नीनं टाइल्स फोडू लागला. मध्येच हात थांबवून म्हणाला, "घर बांधतानी सगळ्याइची सोय पायता, भाऊ. टाकी उघडाले येईन त्याची कोणीच पायत नाही."

मला लाज वाटली. त्याच आठवड्यात मी दोन कड्यांचं झाकण बसवून घेतलं. पण पाहुण्यांना दिसायला बरं नाही, म्हणून त्यावर कुंड्याही मीच मांडल्या.

काही वर्षांनी पुन्हा तोच आला. त्यानं सातही जड कुंड्या एकेक करून उतरवल्या, टाकी उपसली आणि कुंड्या होत्या तशाच परत मांडल्या. मी पाणी नेलं तेव्हा तो पायरीवर बसून धापा टाकत होता.

"कड्या लावल्या, बरं केलं जी," तो म्हणाला. "यावेळी मले काहीच तरास नाही झाला."