पार्वता मावशीची दाढ

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांत माझं नाव चांगलं आहे हो! पोंभुर्ण्याकडच्या एका जंगलातल्या गावात मी उपकेंद्राची नर्स. लोक म्हणतात, बाई बोलायला फटकळ, पण मनाची चांगली. त्यातलं फटकळ तेवढं खरं.

पार्वता मावशी माझी साखरेची पेशंट. साठीतली, एकटी, धानाच्या रोवणीत तरण्या पोरींना मागे टाकणारी. दर महिन्याला गोळ्या न्यायला यायची, आणि दर महिन्याला साखर वरच. गोळ्या वाढवल्या — तरी वर. मग दोष कुणाचा? मी ठरवून टाकलं, तिचाच. भात कमी करा, ज्वारीची भाकर खा, काकडी-मुळा खा, असं मी तिला बजावलेलं. उपकेंद्राच्या ओट्यावर दहा बाया बसलेल्या असताना मी मोठ्यानं म्हणायची, "मावशी, चोरून भात खाऊन राह्यल्या ना?" बाया हसायच्या. मावशीही हसायची, तोंडाला पदर लावून. मला वाटायचं, चोरी पकडली म्हणून लाजली.

भात ती खातच होती. पाणी घालून मऊ केलेला. पण का खाते, हे मी एकदा तरी विचारलं का?

थांबा. मधली एक गोष्ट मी गाळली. बघा, अजूनही सरळ सांगवत नाही.

अगदी पहिल्या महिन्यात ती माझ्या टेबलाशी वाकली होती. "बाई, दाढ गजब ठणकून राह्यली. पू येते जी. जरा पाहून द्या ना." आणि तिनं तोंड उघडलं. वास आला. एवढंच — वास आला. मी सडक्या जखमा धुतल्यात, बाळंतपणं केलीत, मला कशाची किळस नाही असं चारचौघांत मिरवते. पण त्या दिवशी मी खुर्ची मागे सरकवली आणि नाकाला रुमाल लावला. तिच्यासमोर. दाताचं तालुक्याला दाखवा, म्हणाले. तिथं दातांचा डॉक्टर कधी असतो, कधी नसतो, हे मला ठाऊक होतं. रजिस्टरात साखर, बीपी, वजन, पाय, सगळ्यांना रकाने होते, तोंडाला नव्हता. म्हणून लिहिलंही नाही. पदर ती त्या दिवसापासून लावायला लागली.

पावसाळ्यात धानाच्या बांधीत, चिखलात काम करताना तिच्या पायाच्या अंगठ्यात काटा गेला. साखर चढलेली, जखम भरेचना. शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात अंगठा कापावा लागला.

हिवाळ्यात गावात दातांचं शिबिर आलं. तरुण डॉक्टरीण होती. तिनं मावशीच्या तोंडात बॅटरी मारली. हिरड्या सगळ्या पिकलेल्या. तीन दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या, मग मला समजावलं — हिरड्यांत असा पू साठला की साखर खाली यायला तयार होत नाही, आणि साखर चढली की हिरड्या आणखी सडतात. आणि भाकर ही चावणार कशानं? मग म्हणाली, "सिस्टर, यांनी आधी कधी सांगितलं नाही का?"

मावशी तिथंच खुर्चीत होती. तोंडात कापसाचा बोळा. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "नाही हो मॅडम. ही माणसं सांगतच नाहीत."

ही माणसं! मी कुठली मोठी लागून गेले होते? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. पण त्याहून — मावशीनं मान हलवली. हो, नाही सांगितलं, माझंच चुकलं, अशी. डॉक्टरीण तिला मायेनं रागावली. आणि मी ते रागावणं ऐकत उभी राहिले.

बाहेर सोडायला गेले तेव्हा मावशी बोळा काढून कशीबशी म्हणाली, "तुमाले बोलल्या असत्या जी त्या. नोकरी हाये तुमची." माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू आलं. तिला वाटलं, तिच्या दुखण्यापायी रडते.

पुढे तिची साखर उतरत गेली. आता भाकर खाते, वरणात कुस्करून. रोवणीला मात्र जात नाही. चिखलात पाय ठरत नाही. अंगठा त्या दाढेमुळेच गेला, असं कुणी डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. पण तेवढ्यावरून माझी समजूत घालू नका. मी आता आल्यागेल्याचं तोंड तपासते, आणि लोक त्याचंही कौतुक करतात.

ती डॉक्टरीण मधून मधून येते. तिला मी काही सांगितलेलं नाही. मावशीची माफीही मागितलेली नाही. गावात कुणी दुखणं अंगावर काढलं की बाया म्हणतात, पार्वताबाईसारखं लपवू नको. मागच्या बैठकीत, बायांना समजावता समजावता, ते वाक्य माझ्याच तोंडून गेलं. मावशी पुढच्या रांगेत बसली होती.