फॅमिली पाहिजे

फॅमिली या शब्दावरचा माझा विश्वास मुलुंडमध्ये उडाला, ऐंशीच्या दशकात, एका एजंटच्या स्कूटरशेजारी उभी असताना. तो म्हणाला, "रूम आहे, पण सोसायटीला फॅमिली पाहिजे." मी म्हटलं, "फॅमिलीच आहोत की. मी आणि आई." त्याने आमच्या मागे आणखी कुणी उभं आहे का ते पाहिलं. "तसं नाय हो ताई. फॅमिली म्हणजे मिस्टर वगैरे."

मिस्टर कुठून आणणार? मी शाळेत असतानाच बाबा घर सोडून गेले होते आणि आता मी एका कचेरीत टायपिस्ट होते.

त्या दिवसापासून हा शब्द कुणी उच्चारला की मी कान टवकारायची. आमचे हेडक्लार्क "आज फॅमिलीला बरं नाही" म्हणून लवकर निघायचे, म्हणजे बायकोला. मुलं आजारी पडली की मात्र ती नुसती पोरं असायची. स्टेशनसमोरच्या हॉटेलात फॅमिली रूम होती. तिथे पडद्याआड बसणारी जोडपी मी पाहिली होती, त्यांतलं एकही एका घरात परत जाणारं वाटायचं नाही. आम्ही मायलेकी तिकडे वळलो तर वेटर म्हणाला, "इधर बैठो ना, उधर फॅमिली है." दवाखान्याच्या भिंतीवर फॅमिली प्लॅनिंगची चौघं हसत होती. त्यांचं काय जातंय हसायला! मला तर वाटायला लागलं, की हा शब्द आम्हाला बाहेर ठेवण्यासाठीच इंग्रजीतून आणलाय.

शेवटी एजंटनेच सोसायटीला सांगून टाकलं, की आईचे मिस्टर फिरतीवर असतात. आम्ही गप्प बसलो. रूम अकरा महिन्यांच्या करारावर मिळाली. दुसऱ्याच दिवशी आईने स्टेशनबाहेरून पुरुषी चपलांचा एक जोड आणला आणि दाराबाहेर मांडला. रोज केर काढताना ती तो पुसायची आणि जरा तिरका करून ठेवायची, कुणी घाईत काढल्यासारखा. मला आधी हसू आलं, मग धास्ती वाटायला लागली.

कारण समोरच्या मालवणी काकू साखर मागायला आल्या की त्यांची नजर थेट आतल्या खोलीत. "तुमचे मिस्टर अजून येऊक नाय?" त्या विचारायच्या. जिन्यात दोन बायका बोलता बोलता थांबल्या, तर विषय आमचाच असणार हे मी धरूनच चालायची. पोस्टमनचाही मला संशय यायचा.

एका रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. बसले नाहीत. "तक्रार आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे कुणीतरी पुरुषमाणूस येतो. चपला रोज दिसतात, माणूस कधीच दिसत नाही. ही फॅमिलीवाल्यांची बिल्डिंग आहे."

नवरा आहे म्हणावं, तर तो दाखवा. नाही म्हणावं, तर रूम गेली. आणि काहीच बोललो नाही, तर आईच्या नावाला बट्टा. समोरचं दार किंचित उघडं होतं.

आई बाहेर गेली, जोड उचलून आणला आणि सेक्रेटरींच्या तोंडासमोर उलटा धरला. "तळ बघा. जमिनीला लागलाय का कधी?"

तळ कोरा होता. त्यांनी बोट फिरवूनही पाहिलं.

"म्हणजे मिस्टर नाहीतच?"

"नाहीत. सोडून गेले. इथे कुणी येत नाही."

"मग फॅमिली म्हणून कशाला घेतलीत जागा? करार संपला की सोडा." एवढं बोलून ते जिना उतरले. समोरचं दार लागलं.

मला आईचा अभिमान वाटायला हवा होता. पण मघाशी त्या कोऱ्या तळावर मला नऊचा आकडा दिसला होता. बाबांचा नंबर नऊ. अख्खी बिल्डिंग जे कुजबुजत होती, तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. "आई, खरं सांग. मी ऑफिसला गेल्यावर बाबा येतात का?"

सेक्रेटरींसमोर तिचा चेहरा जराही हलला नव्हता. आता हलला.

"दुकानदाराने नंबर विचारला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा नंबर मला माहीत आहे का गं?"