डावीकडची विंग

पडदा वर जातो तेव्हा एक छोटी खोली दिसते. मधोमध चाकाची खुर्ची, समोर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. खिडकी मागच्या भिंतीला, त्यामुळे सगळा उजेड पाठीवर पडतो आणि चेहरा सावलीत राहतो. ही प्रकाशयोजना साफ चुकली आहे, हे खुर्चीतल्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण खुर्ची फिरवायला जागा नाही.

हे उजेडमामा. उभं आयुष्य नाटकाच्या दिव्यांमागं गेलं. प्रेक्षकांच्या पाठीमागच्या केबिनमध्ये बसायचं आणि उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या दांड्यांवर बोटं ठेवून काळोखात वाट बघायची. एखाद्या नटाला रडू फुटत नसेल तर मामा उजेड असा हळूहळू उतरवायचे की प्रेक्षकच डोळे पुसायचे, आणि टाळ्या नटाला पडायच्या. "पडू देत की," मामा म्हणायचे. "आपल्याला वीज मिळाली म्हणजे झालं."

मग एका सकाळी मेंदूत गुठळी अडकली. डावं अंग गेलं. जीभ आणि उजवा हात वाचला, पण डावीकडचं जगच हरवलं. डोळे धड होते. मेंदू तिकडं फिरकायलाच तयार नव्हता. अर्धी दाढी करून मामा आरशासमोर खूश व्हायचे. ताटातलं उजवीकडचं जेवायचे आणि वाढण्यात हात आखडला म्हणून मामींना टोमणा मारायचे. काही हरवलंय, हेच मुळी त्यांना कळायचं नाही.

लेकीनं त्यांना एक ब्राउझर बसवून दिला. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून रचलेला, फुकट, ज्याला जमेल त्यानं आत डोकावून दुरुस्त करावा असा. "म्हणजे हौशी नाटकमंडळीच की," मामा म्हणाले, आणि त्यांचं त्याच्याशी जमलं. त्यातली बटणं हलवता येत. लेकीनं मागं जायचा बाण आणि बाकीची लागतील ती बटणं उचलून उजव्या कोपऱ्यात मांडली. स्क्रीनच्या डाव्या कडेला तिनं मामांच्या जुन्या पेटीतल्या, दिव्यांपुढं लावायच्या लाल जिलेटिनची पट्टी चिकटवली. "बाबा, लाल दिसेपर्यंत मान वळवायची. तोवर बघून झालं असं समजायचं नाही."

पण हौशी मंडळी कुठली स्वस्थ बसायला? दर थोड्या दिवसांनी अपडेट यायचं आणि नेपथ्य बदललेलं असायचं. काल जिथं दार होतं तिथं आज खिडकी.

त्या दिवशी बापाचंच काम शिकलेली लेक पहिल्यांदा एकटीनं दिवे सांभाळणार होती. दूरच्या गावी दुपारचा प्रयोग होता आणि नाट्यगृह तो आपल्या वेबसाइटवर थेट दाखवणार होतं. नंतर तो पुन्हा बघायला मिळणार नव्हता. मामी शिवणाच्या दुकानात कामावर. मामांनी सकाळीच ती लाल पट्टी ओढून काढली. आज ते प्रेक्षक होते, पेशंट नव्हते. ब्राउझरनं "पुन्हा सुरू करा" म्हटलं, तेही त्यांनी लगेच केलं. तांत्रिक कामं पडदा उघडण्याआधी उरकायची, हा त्यांचा जुना शिरस्ता.

ब्राउझर उघडला, नाट्यगृहाचं पान आलं, आणि क्षणात सगळं काळवंडलं. पान दिसत होतं, पण राखेत बुडवल्यासारखं. मामांनी क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. समोर रंगमंच अंधुक, आणि हाताशी एकही दांडी चालेना. असं भयाण स्वप्न त्यांना पूर्वी पडायचं. त्यांनी मामींना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

"अगं, हे मेलं यंत्र. लाइटच येईना. पोरीचा प्रयोग उभा राहतोय तिकडं."

शिवणयंत्राची घरघर थांबली. "लाइट कसली? पान काळं पडलंय का?"

"हो."

"मग कुठंतरी चौकट आली असेल. 'आम्ही काय नवीन केलं ते बघा' म्हणतात ना, ती. डावीकडं बघा."

"बघितलं. काही नाही."

"लाल दिसेपर्यंत बघितलं?"

मामांनी काढलेली पट्टी कीबोर्डखाली सरकवली.

"अहो, पट्टी कुठंय?"

"काढली."

"का?"

"शोभत नव्हती."

"हो का. अर्धी दाढी मात्र शोभायची." मामींनी शिवण बाजूला सारलं. पूर्वी त्या कपडेपट सांभाळायच्या. केबिनमधून बघितलं की डावीकडच्या विंगेत, हातावर शालू आणि दातात टाचण्या धरून उभ्या दिसायच्या. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मी विंगेत उभी आहे. माझ्या नेहमीच्या जागी. उगाच मान हलवू नका, मला शोधा."

मामांची मान वळली. अडकली. आणखी वळली. घामाचा ओघळ कानामागं उतरला. जिथं एरवी त्यांच्या लेखी जग संपत होतं, तिथून पांढऱ्या चौकटीची कड पुढं आली आणि खाली "नंतर पाहू" असं बटण.

त्यांनी ते दाबलं. रंगमंच उजळला, अर्धा. आवाज मात्र नव्हता. ब्राउझर परवानगीशिवाय आवाज सोडत नाही आणि ती खूण कुठं असते, देव जाणे. मामांनी शोधलीही नाही. ते नुसते उजेड बघत राहिले. निळा हळूहळू पिवळ्यात मिसळत होता, घाई न करता. त्यांची बोटं टेबलावर आपोआप वर सरकत होती.

"दिसतंय ना?" मामींनी विचारलं. "गिऱ्हाईक आलंय. ठेवू का?"

मान दुखून सैल पडली होती आणि डावीकडचा रंगमंच मिटत चालला होता.

"ठेवू नकोस," मामा म्हणाले. "बोलू नकोस हवं तर, पण विंगेतच थांब."