शेजाऱ्यांची मुलगी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. दोन-तीनदा सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोलून गप्प बसले. आज सांगते.

२००४ च्या सुमारास आम्ही एल पासोला राहत होतो. टेक्सासचं अगदी टोक, नदीपलीकडे मेक्सिको. माझा नवरा सुधीर पलीकडच्या एका कारखान्यात इंजिनियर होता, रोज पूल ओलांडून जायचा. मी डिपेंडंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही. नागपूरला होम सायन्स शिकले होते, ते तसंच पडून होतं. मग चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी एक उपक्रम चालायचा, तिथे व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. त्या भागातली बहुतेक कुटुंबं मूळची मेक्सिकोची. मुलांची वजनं वाढत होती, घरोघरी आजी-आजोबांना डायबेटिस होता. हे मुलांपर्यंत येऊ द्यायचं नाही, असं वस्तीतल्या बायकांनीच ठरवलं होतं.

काय बायका होत्या त्या! आठवडाभर राबून शनिवारी सकाळी मुलांना घेऊन हजर. राजमा चरबीऐवजी चमचाभर तेलात करून बघायच्या, कोकसारख्या कोल्ड्रिंकऐवजी काकडी-लिंबाचं पाणी करायच्या, मग गाणी लावून मुलांबरोबर स्वतः नाचायच्या. रोझाउरा त्यांची पुढारी. तीन मुलांची आई, अंगानं भरलेली, हसली की सगळा हॉल हसायचा. तिचा एक नियम होता — चालायला निघालं की सगळ्यात हळू चालणारं मूल पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागून, त्याच्या चालीनं. कुणी शेवटचं राहायचंच नाही. असं मला कधी सुचलं असतं का?

मी काय करत होते? भाषण देत होते. पहिल्याच शनिवारी मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, की मुलाचं वजन म्हणजे आईच्या स्वयंपाकघराचा आरसा. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रोझाउरानं सहज विचारलं, तुला मुलं किती?

मी म्हणाले, नाहीत अजून.

माझी नऊ वर्षांची ईशा तेव्हा घरी होती, बाबाबरोबर टीव्ही बघत. ती जाड होती. गुबगुबीत वगैरे नाही — जाड. एका गावाहून दुसऱ्या गावाला आम्ही तिला नुसती हलवत होतो, मैत्रिणी टिकत नव्हत्या, आणि ती रडली की मी तिच्यापुढे काहीतरी खायला ठेवत होते. हे त्या बायकांना कळू नये, म्हणून मी ती नाहीच असं सांगून टाकलं. एवढंच असतं, तर कदाचित मी आज बोललेही नसते.

काही आठवड्यांनी पार्कमध्ये सगळ्या कुटुंबांचा मेळावा होता. त्याच सकाळी सुधीरला कारखान्यातून बोलावणं आलं. त्यानं ईशाला पार्कच्या दाराशी सोडलं आणि तो गेला. ती मला शोधत आली, माझ्याजवळ उभी राहिली. रोझाउरानं विचारलं, ही कोण? आणि मी — स्पॅनिशमध्ये — म्हणाले, शेजाऱ्यांची मुलगी.

ईशाच्या वर्गात निम्मी मुलं स्पॅनिश बोलायची. तिलाही ते चांगलं येत होतं. हे मला त्या क्षणी आठवलं नाही? की आठवलं होतं? खरंच सांगता येत नाही.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग चालायला निघताना रोझाउरानं तिचा हात धरला आणि तिला रांगेत सगळ्यात पुढे उभं केलं. माझी मुलगी पुढे, धापा टाकत, लाल झालेली. आणि मागे ती सगळी वस्ती, पोरंटोरं, कडेवरची बाळं, तिच्या चालीनं. ती थांबली की सगळे थांबायचे. कुणी हसलं नाही. परत आल्यावर मी तिला पाणी दिलं.

"थँक यू, आंटी," ती म्हणाली.

घरी जायला गाडीत बसलो. मी रस्त्याकडे बघत होते. मग तिनंच विचारलं, पुढच्या शनिवारी येऊ का? आणि मी काही म्हणायच्या आत —

"मी तिथे तुला आंटीच म्हणेन. इट्स ओके, आई."

तिथेच गाडी कडेला घ्यायला हवी होती. मी "बरं" म्हणाले. हाच माझा गुन्हा. पार्कमध्ये तोंडून निसटलेलं ते वाक्य नाही, हे "बरं". त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर जवळजवळ प्रत्येक शनिवारी माझ्या मुलीनं मला आंटी म्हटलं. एकदाही चुकली नाही. ती तिथे नाचायला शिकली, तिला मैत्रिणी मिळाल्या, हळूहळू ती दुसऱ्या कुणाच्या तरी मागून चालू लागली. जे मला घरात जमलं नाही, ते त्या बायकांनी केलं — परक्याची मुलगी समजून.

समजून? ईशाचा चेहरा हुबेहूब माझा आहे.

सुधीरची ॲरिझोनातल्या चँडलरला बदली झाली तेव्हा आम्ही निरोप घ्यायला गेलो. रोझाउरानं ईशाला पोटाशी धरलं, खूप वेळ. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, मला नीट कळावं अशा स्पॅनिशमध्ये म्हणाली,

"हिच्या आईला सांग, मुलगी फार मोठ्या मनाची आहे."

मी "सांगते" म्हणाले. ईशा शेजारीच उभी होती.