एक नंबरचं बटण

आमच्या टीव्हीला एक डबा लावलेला आहे. हे बाहेर कुणाला सांगायचं नसतं, तसा नियमच आहे. म्हणून मी गल्ली सांगत नाही. बंगळुरातलं राजाजीनगर मोठं आहे, शोधा.

घर सकवारबाईंचं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणते. नात्याने ती माझी मोठी काकू. मी दहावीत शाळा सोडली तेव्हा बाप म्हणाला, या घरात पाऊल टाकू नकोस. अक्का म्हणाली, मग इकडे टाक. तेव्हापासून मी इथंच राहते आणि यशवंतपूरच्या मार्केटातून कांद्याचा टेम्पो चालवते. अक्काबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. माझं एवढंच, बाकी गोष्ट तिची.

डब्याचं असं आहे. लोक टीव्हीवर काय बघतात हे मोजणारी एक कंपनी आहे. ती काही घरं निवडते, तिथं डबा बसवते आणि एक रिमोट देते. घरातल्या प्रत्येक माणसाला त्यावर एक बटण. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, डब्यावर आपला दिवा लागतो. उठलं की परत दाबायचं, दिवा जातो. एक नंबर हणमंतरावांचा, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचा, आमच्या अण्णांचा. दोन अक्काचा. तीन माझा.

डबा बसवायला दयानंद आला होता. निपाणीकडचा, घरात मराठी बोलणारा, म्हणून अक्काने त्याला उप्पिट खायला घातलं. खाता खाता तो बोलून गेला, "अण्णा, तुमचं एक घर म्हंजे हजारो घरं बघा. तुम्ही जे बघाल ते हजारोंनी बघितलं असं धरत्यात."

हे त्याने सांगायला नको होतं. अण्णा त्या दिवसापासून माणसात राहिले नाहीत.

अण्णा फुटबॉलवाले. जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलं आणि कारखान्याच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळले. गल्लीत सगळे क्रिकेट बघणारे. अण्णांचं म्हणणं, फुटबॉलचा आकडा पडला तर चॅनलवाले मॅच दाखवायचं बंद करतील आणि त्या जागी सासवा-सुना येतील. मग ते होऊ न देण्याची जबाबदारी अण्णांच्या अंगठ्यावर आली.

बरं, चोरी करायचे नाहीत. वयामुळे त्यांना सारखं लघवीला उठावं लागायचं. दर वेळी आधी बटण बंद, मग बाथरूम. एकदा ते आत असताना आपल्या टीमने गोल मारला. आम्ही ओरडलो. अण्णा बाहेर आले, आधी बटण दाबलं, मग विचारलं, "कोणी मारला?"

"अहो, धावत यायचं ना!" अक्का म्हणाली.

"दिवा नसताना बघितलेला गोल मोजत नाहीत."

अशा माणसाशी अक्काने आयुष्य काढलं. तिला फुटबॉल अजिबात आवडायचा नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. झोपेत. लीगचा सीझन अर्धा राहिला होता.

दहाव्याला आम्ही श्रीरंगपट्टणला गेलो, कावेरीच्या घाटावर. पिंड ठेवला. कावळा येईना. म्हणजे कावळे पुष्कळ होते. शेजारच्या लोकांच्या पिंडावर त्यांची पंगत बसली होती. आमच्याकडे बघायला कुणी तयार नाही. अशा वेळी गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा अडकलीय म्हणतात, आणि घरच्यांनी एकेक गोष्ट कबूल करायची असते.

माझा बाप पुढे झाला. "दादा, वहिनीला मी बघीन."

कावळा नाही.

"गौरीला परत घरात घेईन."

एक कावळा होता तोही उडाला. मी म्हटलं, बघ, त्यालाही कळतं.

भटजी भीमाचार्य घड्याळ बघायला लागले. "स्वल्प आठवा बाई, काही राहिलं असेल त्यांचं."

अक्काने पदर खोचला, पिंडासमोर उभी राहिली आणि हात जोडले. "अहो, तुमचं बटण मी दाबीन. आपली टीम कप जिंकेपर्यंत एक मॅच सोडणार नाही. आता या."

कावळा आला आणि शिवला.

भीमाचार्य कानडीत म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक, आणि भांडी आवरायला लागले. बटण कसलं, हे त्यांनी विचारलं नाही.

अक्काने शब्द पाळला. मॅच लागली की एक नंबर दाबायची, आवाज मोठा करायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. अण्णांचा फोटो टीव्हीसमोरच्याच भिंतीवर आहे. "त्यांना दिसतंय ना, झालं," म्हणायची. मॅच संपली की येऊन बंद करायची.

आता अडचण अशी, की घरातलं माणूस गेलं तर कंपनीला कळवायचं असतं. कळवलं की बटण गेलं. बटण गेलं की अक्काचा शब्द गेला, आणि मग अण्णा कुठं अडकले असते देव जाणे. त्यामुळे आम्ही कळवलं नाही. दयानंद डबा तपासायला यायचा तेव्हा अक्का स्वयंपाकघरात जायची, कारण तिला खोटं बोलता येत नाही. मला येतं.

"अण्णा कुठायत?"

"बाथरूममध्ये."

दर वेळी बाथरूममध्ये. फोटोची माळ काढायला अक्का तयार नव्हती, म्हणून बेल वाजली की मी फोटोवर अण्णांची निळी जर्सी टाकायची. टिकली अक्काने काढलीच नव्हती, त्यामुळे दयानंदला संशय यायचं कारण नव्हतं.

गेल्या वर्षी टीम फायनलला पोचली नाही. यंदा पोचली. संध्याकाळी अक्काने डोक्यावरून आंघोळ केली, फोटोला नवी माळ घातली. "आज सुटतील," म्हणाली. बटण दाबलं आणि मॅच सुरू झाली.

बेल वाजली. मी जर्सी टाकली. दारात दयानंद.

"ऑफिसनं धाडलंय. फायनल माणसं खरंच बघत्यात का, घरात बसून बघून यायचंय." खुर्ची ओढून बसला. "अण्णा?"

"बाथरूममध्ये."

"बरं." त्याने डब्याकडे बघितलं. "मग एकचा दिवा कसा?"

"बंद करायला विसरले."

"अण्णा? विसरले?"

मी टीव्हीकडे बघत राहिले. आपण एका गोलने पुढे होतो. मनात म्हटलं, एवढी जिंकू दे, मग डबा ने, टीव्ही ने, भिंत काढून ने.

"गौरी, ऐक," दयानंद म्हणाला. "मी आलो की अण्णा बाथरूमात. मी म्हटलं, म्हातारं माणूस, असंल. पण डबा काय म्हणतोय ठाऊक हाय? गेलं वर्षभर अण्णा एकाही मॅचमधनं उठलेले नाहीत. एकदा पण नाही. आधी घटकेघटकेला उठायचे. ऑफिसातल्या पोरी मला विचारत्यात, ह्यांना औषध कुठलं लागू पडलं?"

"आयुर्वेदिक."

"तू म्हणतीस आतनं बाहेर येत नाहीत, डबा म्हणतो बाहेरनं आत जात नाहीत. दोन्हीतलं एक कायतरी धर की!"

"मॅच बघ ना गप," मी म्हटलं. "त्यासाठीच धाडलंय ना तुला?"

तेवढ्यात कोलकात्यावाल्यांनी गोल फेडला. अक्का हातात झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली. पुढे कुणी कुणाला गोल मारेना. पेनल्टी सुरू झाल्या. अक्काने मला हळूच विचारलं, "हे काय, आता एकेकटे का मारतायत?" मी सांगितलं. आपल्या शेवटच्या पोराने चेंडू उंच मारला, थेट प्रेक्षकांत.

हरलो.

अक्काने झारा टेबलावर ठेवला. भिंतीपाशी गेली आणि जर्सी काढून घडी घातली. "दयानंद, अण्णा इथं आहेत. ही पोर खोटं बोलली ती माझ्यासाठी."

दयानंद उठून उभा राहिला. चप्पल दारातच काढली होती, तरी पायांकडे बघितलं. फोटोला नमस्कार केला. मग अक्काने त्याला घाट, कावळा, शब्द, सगळं सांगितलं. तो हसला नाही. निपाणीचाच तो.

"बोलल्या बोलल्या शिवला?"

"बोलल्या बोलल्या."

"मग मोडून चालायचं नाही." परत बसला. "पण गेलेल्या माणसाचं बटण ठेवता येत नाही अक्का. कळलं तर डबाच काढतील. माझी पण नोकरी जाईल."

"डब्याला हात लावून तर बघ," मी म्हटलं.

"गौरी, गप," अक्का म्हणाली. "दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन पाळलेला शब्द ह्यांना चालायचा नाही. काढ बाबा डबा."

म्हणाली, आणि फोटोकडे पाठ करून उभी राहिली. तिची पाठ मी तशी कधी बघितली नव्हती.

दयानंदने रिमोट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "अक्का, कावळ्याला नेमकं काय बोललात? अण्णांचं नाव ठेवीन म्हणालात, का बटण दाबीन?"

"तुमचं बटण दाबीन म्हणाले."

"मग झालं की! नाव माणसाबरोबर जातंय, बटण घरात राहतंय. मी लिहितो, हणमंतराव वारले. सकवारबाईंना दोनवरनं एकवर घेतलं. उशिरा कळवलं म्हणून साहेब शिव्या देईल, त्या खातो मी."

अक्का वळली. "चालेल असं?"

"कंपनीला चालतंय. कावळ्याचं तुम्ही बघा." मग बोट उगारलं. "पण आता एक म्हंजे तुम्ही. दिवा लावून स्वयंपाकघरात जायचं नाही. समोर बसून बघायचं."

"सगळी मॅच?"

"सगळी."

"मला त्यातलं काही कळत नाही रे."

"हजारोंना कळत नाही अक्का. बघत्यात."

अक्काने त्याला जेवायला वाढलं.

आता नवा सीझन चालू आहे. टीम भयानक खेळते. अक्का मांडीवर अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांचं ताट घेऊन सोलत बसते, एक नंबरचा दिवा लावून. सुरुवातीला दाण्यांकडे बघायची, आता बघत नाही. त्यामुळे सालं ताटात आणि दाणे केरात. परवा रेफ्रीला उद्देशून जे बोलली ते मी मार्केटातही ऐकलेलं नाही. माझा बाप एकदा येऊन म्हणाला, "वहिनी, ह्या वयात हे काय?" मी त्याला जिन्यापर्यंत सोडून आले.

काल कुकरच्या शिट्ट्या झाल्या. अक्काने बटण बंद केलं, मग उठली, आत गेली. तेवढ्यात गोल झाला आणि मी ओरडले. ती बाहेर आली, पदराला हात पुसले, आधी बटण दाबलं, दिवा लागलेला बघितला.

"कोणी मारला?"

"समोरच्यांनी," मी म्हटलं.

अक्काने अण्णांच्या फोटोकडे असं बघितलं, जणू गोलकीपर तेच होते.