मळ्यातला फौजी स्टोव्ह

हातातला चहा आधी संपवा बघू, नाहीतर ठसका लागेल! कारण जो गाढवपणा सांगणार आहे, तो दुसऱ्या कुणी केला असता तर मीच त्याला जन्मभर चिडवलं असतं. पण केला कुणी? मीच!

तेव्हा मी पलटणीत होतो. एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. महिन्याच्या सुट्टीवर गावी आलो, तो पठाणकोटच्या बाजारातून एक वस्तू घेऊन. घडीचा स्टोव्ह! मिटला की पत्र्याची डबी, उघडला की तीन पाय. रॉकेल भरा, पंप मारा, काडी लावा, की फर्रर्र! अख्ख्या गल्लीत मी तो तीनदा पेटवून दाखवला होता. मांजरसुद्धा बघायला आलं होतं, म्हणजे बघा!

त्या दिवसांत विजेची कपात चाललेली. लाईट दिवसाआड, दुपारी कधीतरी तीन तास. गाव कृष्णाकाठचं, सगळा ऊस, सगळ्या मोटारी विजेवर. विहीर आमची आणि आबांची, म्हणजे आमच्या चुलत चुलत्यांची, सामाईक. पाण्याला पाळ्या लावलेल्या. आज आमची, मग पुढच्या दोन वेळा आबांची. आणि आमची उसाची लावण नवी, कोवळी. ऊन तर असं, की विचारू नका.

थोरले बंधू तात्या सकाळीच बैल बघायला आटपाडीला निघाले. जाता जाता म्हणाले,

"आज पानी न्हाई मिळालं तर लावण जळंल. लाईट आली की बटन दाबायचं. येवढंच काम हाय. हुईल न्हवं?"

"आवं तात्या, तोफा चालवल्यात मी!"

"तोफंचं न्हाई इचारलं. मोटारीचं इचारलं."

बघा! घरात हीच किंमत. शेतीतलं याला काही कळत नाही, हे आमच्याकडे ठरूनच गेलेलं. म्हटलं, आज दाखवतोच!

मी मळ्यात गेलो. सोबत दोस्त शिवा, शेरभर मटण, कांदा-लसणाची चटणी, त्याच्या घरच्या भाकरी आणि स्टोव्ह. नाहीतरी लाईटची वाटच बघायची, तर उपाशी कशाला?

शिवा म्हणाला, "तीन दगडं मांडू की रं. काटक्या लय हायत."

"दगडं? गड्या, हा स्टोव्ह काय पूजेला आणलाय?"

बाहेर वारा, म्हणून स्टोव्ह मोटारीच्या खोलीत मांडला. खोली केवढी? दोघं बसलो की मटणाला जागा नाही. भिंतीवर स्टार्टर, मेन स्विच, उघड्याबागड्या तारा, आणि वर एक बल्ब. बल्ब लागला की लाईट आली, ही आमची खूण.

आता इथं नीट ऐका. पलटणीत आम्हाला शिकवलेलं, तारांजवळ आग पेटवायची असेल तर आधी करंट बंद. मी ताठ उभा राहिलो, शिवाला म्हटलं, "सेफ्टी फर्स्ट!" आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला.

हसू नका! अजून पुष्कळ बाकी आहे.

स्टोव्ह काय पेटला म्हणता! फर्रर्र असा आवाज, की शेजारी बसलेल्या शिवाशी ओरडून बोलावं लागत होतं. माझा एक डोळा पातेल्यावर, एक बल्बवर. बारा वाजले. बल्ब गप्प. एक वाजला. बल्ब गप्पच! मटणाला तवंग आला, पण लाईट काही येईना.

शिवा बाहेर जाऊन आला. "आरं, पल्याडच्या मळ्यात पाट व्हातोय!"

"डिझेलचं इंजिन आणलं आसंल त्यांनी."

"अन् त्याच्या पल्याड?"

"तिथंबी इंजिन!"

"समद्या गावानं एका दिसात इंजिनं घेतली व्हय रं?"

आता मात्र माझं डोकं सणकलं! सगळ्यांना पाणी आणि आमचीच लावण कोरडी? "ही साजिश हाय, शिवा! आपलीच लाईन तोडलीय कुणीतरी! जा, महादूला आसंल तसा घिऊन ये!"

महादू म्हणजे वायरमन. बिचारा जेवणावरून उठून, शिवाच्या सायकलवर डबलसीट आला. त्याला पाणीसुद्धा न विचारता मी सुरू झालो. "आमी तिकडं बर्फात उभं ऱ्हायचं, आन् तुमी हितं आमच्या घरादाराची लाईट तोडायची? वरपर्यंत जाईन मी! कर्नलसायबांचं पत्र आणीन!"

महादू गरीब माणूस. चुपचाप खांबावर चढला, घामाघूम होऊन उतरला.

"खांबावर करंट हाय."

"मग खोलीत का न्हाई?"

महादू खोलीत शिरला. त्यानं मेन स्विचकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग मटणाकडे बघितलं.

"फौजी, ह्यो दांडा कुनी वढला?"

काय सांगू तुम्हाला! स्टोव्हवर मटण उकळत होतं आणि घाम मला फुटला. शिवा तर पोट धरून बाहेर पळाला. दांडा वर केला, बल्ब लख्खकन लागला, मी झेप घालून बटण दाबलं. मोटार सुरू! पण लाईट जायला जेमतेम अर्धा तास उरलेला. चार सऱ्या भिजल्या नाहीत तोवर सगळं थंड.

मटण वाढता वाढता मी महादूचे पायच धरायचे बाकी ठेवले. "तात्यांना सांगू नगंस, बाबा."

"न्हाई सांगत. पन रस्सा आन की आजून."

दिवस मावळताना तात्या ट्रकमधून नवी खिलारी जोडी घेऊन थेट मळ्यात आले. बैल बघायला आबाही आले. तात्यांनी आधी लावण बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला. एवढ्यात दुपारपासून पातेल्यापासून न हललेला महादू बोट चाटत पुढे झाला.

"तात्या, लाईनीतच फाल्ट हुता. तुमच्या भावानं मला वेळेवर बोलावलं म्हनून येवढं तरी भिजलं."

देवमाणूस! आबा हळहळले. "लाईनीला तुमी काय करनार? फुडचं माझं पानी तुमी घ्या."

लावण वाचली! आणि तात्यांनी, उभ्या जन्मात पहिल्यांदा, माझ्या पाठीवर हात ठेवला. "मला वाटलं हुतं तुला शेतीतलं कळत न्हाई. पन ध्यान ठिवलंस गड्या."

झालं! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी. गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही!

"ध्यान म्हंजे काय, तात्या! आवं, हितं आल्या आल्या पयला मेन स्विच खाली केला मी. सेफ्टी!"

महादूनं कपाळावर हात मारून घेतला.  तात्यांनी एकदम हळू आवाजात विचारलं,

"बरं केलंस. आन् वर कवा केलास?"

मी खाली बसून स्टोव्हची घडी घालायला लागलो! 

आबांनी पान थुंकलं. "मग माझं पानी माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि बैलांकडे न बघताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तात्यांनी माझ्या खांद्यावर कावड ठेवली. पुढची पाळी येईपर्यंत विहिरीतून घागर भरायची, सरीत ओतायची, परत विहीर! लावण जगली हो, पण माझ्या खांद्यांची सालटं निघाली. आणि बांधाबांधावरून अख्खं गाव ओरडत होतं,

"फौजी, लाईट आली का रं?"